गुलाबीवर काळा

नलूताई गेली तेव्हा मला बरं वाटलं. गेली म्हणजे अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला गेली, घाबरू नका. मुलाला तिकडे नोकरी लागली, बिऱ्हाड हललं, त्याबरोबर तीही हलली. चांगली ठणठणीत आहे. पण मिशिगनमधून ही एक बाई कमी झाली आणि मला मोकळं वाटलं, हे लिहायला खरं तर लाज वाटायला हवी. वाटतेही थोडी. पण खोटं कशाला लिहू? दोन वर्षं मी त्या बाईवर जळत होते.

तोंडावर मी तिला 'नलूताई, तुम्ही' असंच म्हणायचे. माझ्यापेक्षा सोळा-सतरा वर्षांनी मोठी, शिवाय मैत्रिणीची सासू. मनात मात्र कायम 'ही' आणि 'ती'. इथे मनातलंच लिहितेय, तेव्हा तसंच चालू दे.

आणि तिला तिथे नेलं कोणी? मीच! आमच्या नोव्हायपासून वीस मिनिटांवर एका छोट्या गावाचं छोटंसं म्युझियम आहे. जुनं दुमजली घर. तळघरात कागदपत्रं, वरच्या दोन खोल्यांत प्रदर्शन. कॅरल नावाची एक उंच, शिडशिडीत बाई ते चालवते आणि आम्ही पाच-सहा जणी दर गुरुवारी सकाळी फुकट राबायला जातो. मी मुंबईला कमर्शियल आर्ट केलेलं, चार वर्षं एका एजन्सीत साड्यांच्या आणि शर्टांच्या जाहिरातींसाठी चित्रं काढलेली. मग लग्न झालं. नवरा गाड्यांच्या सीटा डिझाइन करतो, त्याच्या मागे इकडे आले. व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, पुढे मुलं झाली. ब्रश सुटला तो सुटलाच. अठरा वर्षं मी एक रेघ मारली नव्हती. त्या म्युझियममध्ये निदान मला कोणी तरी 'आर्टिस्ट' म्हणायचं, म्हणून मी जात होते. झालं, आता खरं सांगूनच टाकलं.

तर एका जुन्या घराण्याने म्युझियमला दोन खोकी दिली. आत फॅशनची चित्रं, एकोणिसाव्या शतकातली. त्या काळी बायकांची मासिकं निघायची आणि त्यात दर महिन्याला एक रंगीत पान असायचं: दोन बायका, कधी एक, कधी तीन, कधी सोबत एखादं मूल. हे एवढे घेरदार झगे, मुठीत मावेल अशी कंबर, आणि पाय तर बोटाच्या पेराएवढे. धातूच्या पत्र्यावर कोरून ती काळ्या शाईत छापायचे आणि मग एकेक प्रत हाताने रंगवायचे. कॅरल म्हणाली, ही खोकी तुझी, तूच लाव ती. मी आठ दिवस हवेत होते. लायब्ररीतून पुस्तकं आणली, रात्रंदिवस वाचली. इतक्या वर्षांनी माझ्या शिक्षणाला कोणी तरी विचारलं होतं!

नेमकं त्याच आठवड्यात माझ्या मैत्रिणीचा, केतकीचा फोन आला. "अगं मेघना, आई नागपूरहून आल्यात, आता इथेच राहणार. घरी फार बोअर होतात यार. तुझ्या त्या म्युझियमला नेशील का? बसतील कुठे तरी कोपऱ्यात."

कोपऱ्यात! मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी ती पांढरा स्वेटर घालून आली. आल्या आल्या घड्याळ काढलं, बांगड्या काढल्या, रुमालात बांधल्या, आणि कोपरापर्यंत हात धुतले, ऑपरेशनला जायचं असल्यासारखे. पिशवीतून दोन वस्तू काढून टेबलावर मांडल्या. एक भिंग, आणि एक अंगठ्याने दाबायचं मोजणीचं यंत्र. लिंबाएवढं. दाबलं की टिक असा आवाज होतो आणि वर आकडा एकाने वाढतो. एकतीस वर्षं ती नागपूरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या पेशी मोजत होती. काचपट्टी मायक्रोस्कोपखाली धरायची, पांढऱ्या किती, कुठल्या जातीच्या किती, टिक, टिक, टिक. रिटायर होताना लॅबवाल्यांनी तेच यंत्र तिला भेट दिलं म्हणे. माणसं शाल-श्रीफळ देतात!

"चित्रातलं काही कळत नाही हं मला," ती म्हणाली. "मी आपली पाहीन."

मला हायसं वाटलं. मी तिला चित्रकलेतली अक्कल शिकवायला सुरुवात केली. रेषा कशी वळते बघा, डोळा आधी कुठे जातो बघा, मोकळी जागा कशी सोडलीय बघा. ती मान डोलवत होती. मग मी इतर कामांना लागले आणि मागून आवाज सुरू झाला. टिक. टिक. टिक. तासभर! मला वाटलं हिचा हात धरून ते यंत्र खिडकीबाहेर भिरकावून द्यावं. शेवटी न राहवून विचारलं, "काय मोजताय नलूताई?"

"हे चित्र चौघींनी रंगवलंय," ती म्हणाली.

"कोणी?"

"चौघींनी. ये, पाय." पाय म्हणजे बघ, तिची नागपुरी बोली. तिने एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. "निळीवाली रेघेच्या आधी थांबते. दोन्हीकडे. सत्तावीस जागी पाहिलं मी. गुलाबीवाली रेघ ओलांडते. हिरवीवाली घाईत आहे, तिचा ब्रश कोरडा झाला तरी ओढूनच राहिली ती. आणि तोंडं रंगवणारी वेगळी, तिचा हात हलका. या कागदावर मात्र गुलाबीवालीचं लक्ष नाही कुठं. भांडून आली असल घरून."

मी भिंगातून बघितलं. होतं! अगदी तसंच होतं. आता यातली खरी मेख ऐका. हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलंच होतं, की टेबलाभोवती मुली बसायच्या, एकेकीकडे एकेक रंग, कागद पुढे सरकवत जायच्या. मी ते वाचलं होतं, अधोरेखितही केलं होतं. पण त्या कागदावर त्या मुली मला दिसल्या नव्हत्या. मी डिप्लोमावाली! आणि हिला तासाभरात दिसल्या.

कॅरल धावत आली, "ओ माय, ओ माय" करत. पुढच्या गुरुवारपासून ती नलूताईला 'अवर नलिनी' म्हणायला लागली. मी सहा वर्षं 'मेगना'च होते. माझ्या नावातला घ तिला शेवटपर्यंत जमला नाही.

नलूताईचं एक पालुपद होतं. आम्ही कोणी काही ठोकून दिलं की ती शांतपणे विचारायची, "पाहणी आहे की मत?" रिपोर्टवर मत लिहायचं नसतं, दिसलं ते लिहायचं, हा तिचा धर्म. डब्यातल्या थालीपिठाबद्दल विचारलं, कसं झालंय, तर म्हणायची, "मीठ एक चिमूट जास्त आहे." चांगलं की वाईट, ते नाहीच. सहा-सात महिने झाले तरी माझ्या कामाबद्दल हूं की चूं नाही. मी याद्या केल्या, चित्रं पाकिटांत घातली, माहितीपत्रक तयार केलं. तिने ते नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं. मला एकच हवं होतं हो. तिने एकदा ते भिंग काढून माझ्या हातचं काही तरी बघावं. जग तिच्या नजरेखालून जात होतं, मी तेवढी नाही.

एकदा शाळेतल्या मुली बघायला आल्या होत्या. एकीने विचारलं, इतक्या चित्रांत एक बाई पाठमोरी का असते? मी उत्साहाने सांगितलं, चित्राला खोली येते, गूढपणा येतो. नलूताई मागून हळूच इंग्रजीत म्हणाली, "द टेलर मस्ट सी द बॅक." मुली हसल्या. खरंच की! शिवणाऱ्या बाईला मागची शिवण दिसायला नको का? जाहिरातीत चार वर्षं घालवलेल्या मला हे सुचू नये? घरी येऊन मी नवऱ्यावर विनाकारण खेकसले.

पण खरा धक्का बाहीचा. एका चित्राकडे ती दोन गुरुवार बघत बसली होती. तिसऱ्या गुरुवारी तिने मला उभं केलं आणि माझी ओढणी घेऊन दोन्ही दंड अंगाशी आवळून बांधले.

"आता केसाला हात लाव."

लागेना. हात कानापर्यंतही जाईना.

"हिच्या खांद्याची शिवण पाय, दंडावर उतरलीय. बाहीचा मुंढा इथं. हात वर जातच नाही. आणि केस पाय कसे, वेण्या, गुंडाळे, फुलं. हिनं स्वतः नाही घातले ते. घरात अजून एक बाई आहे, हात वर जाणारी. ती चित्रात नाही."

कॅरल, त्या दिवशी आलेल्या बाकीच्या दोघी, सगळ्या चित्रावर वाकल्या. मी ओढणीत बांधलेली, मधोमध उभी. मला त्या क्षणी त्या झग्यातल्या बाईचं काही वाटलं नाही, त्या केस घालणारीचंही नाही. मला एवढंच वाटलं, हे मला का नाही दिसलं? शंभर वेळा बघितलं होतं मी ते चित्र. तेव्हा मी हसून टाळ्याबिळ्या वाजवल्या. हात सुटल्यावर.

मग प्रदर्शन ठरलं. कॅरलने कामं वाटली आणि लेबलं माझ्याकडे आली. चित्राखालचा मजकूर, तो मी लिहिणार. इंग्रजी माझं बरं होतं, नलूताईचं तोडकंमोडकं. देव आहे म्हटलं!

उद्घाटनाला दहा दिवस असताना तिने मला हाक मारली. तिच्यासमोर एक चित्र होतं, काळ्या झग्यातली बाई आणि शेजारी निळा पट्टा बांधलेलं मूल. "लेसच्या कडेला पाय," म्हणाली. भिंगातून दिसलं: काळ्याच्या खालून गुलाबी डोकावत होता. रंगवणाऱ्या मुलींच्या हातून झगा गुलाबी आला होता. नंतर कोणी तरी त्याच्यावर काळा चढवला होता.

माझ्या अंगावर काटा आला. गुलाबी झगा, काळा केलेला, शेजारी मूल! मला सगळी गोष्ट तिथल्या तिथे दिसली.

"थांब," ती म्हणाली, "अजून तीन कागद आहेत, ते—"

"पुढच्या गुरुवारी बघू नलूताई, आज घाई आहे," मी म्हटलं आणि पळाले. तिने आणखी काही बोलू नये म्हणून पळाले. हे एवढं तरी माझं राहू दे, असं मनात होतं.

लेबल मी एका बैठकीत लिहिलं. की हा झगा मुळात गुलाबी होता. एका आईने आपलं मूल गेल्यावर मासिकातलं हे पान काढून त्या झग्याला घरी, स्वतःच्या हाताने, काळा रंग दिला. मुलाच्या निळ्या पट्ट्याला मात्र हात लावायचा तिला धीर झाला नाही. खाली माझं नाव. नलूताईचं नाव कुठेही नाही. पुढच्या गुरुवारी मी सर्दीचं निमित्त करून गेलेच नाही.

उद्घाटनाला लोक त्या चित्रापुढे थांबायचे. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. एक बाई रडली, माझा हात हातात घेऊन रडली. गावच्या पेपराने माझं लेबल अख्खं छापलं. कॅरलने मला मिठी मारली. नलूताई खुर्चीवर बसून समोसा खात होती. माझ्याकडे बघून हसली सुद्धा.

त्यानंतरच्या गुरुवारी तिने टेबलावर चार कागद मांडून ठेवले होते.

"काळा चारही ठिकाणी एकाच हाताचा," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच. "चारही कागदांच्या कोपऱ्यांत टाचणीची भोकं. भिंतीला लावलेले होते. दोन चित्रांत मूल नाहीच. आणि या दोहोंत मुलाला काळं लावलं नाही, कारण मुलाचे कपडे शिवायचे नव्हते. शिवणारणीचे कागद असावेत. गिऱ्हाइकाला दाखवायला, काळ्यात कसा दिसल म्हणून."

"असावेत?" मी लगेच पकडलं.

"असावेत. नक्की नाही. पण मूल गेल्याचं तर कुठंच नाही दिसून राहिलं."

कानशिलं तापली माझी. "मग तुम्ही आधी का नाही बोललात?"

"तू थांबली नाही ना."

मी एका कागदाचा कोपरा उजेडात धरला, भोक होतं. मग विचारलं, "कॅरलला सांगणार?"

"मी काऊन सांगू? रिपोर्ट तुझ्या सहीचा आहे."

बस. एवढंच. ना राग, ना टोमणा. टोमणा मारला असता तर मी भांडले असते, दोन दिवस रडले असते आणि सुटले असते. ते लेबल मी बदललं नाही. पेपरात छापून आलेलं, लोक रडलेले, कसं बदलू? पाच महिने ते भिंतीवर राहिलं आणि पाच महिने मी जिन्याने वर जाताना मान दुसरीकडे वळवत होते. नलूताईही दर गुरुवारी वर चक्कर मारायची. प्रत्येक चित्राजवळ थांबायची. त्या एका चित्रापुढून मात्र सरळ चालत जायची, मला त्रास नको म्हणून. हा चांगुलपणाही मला सहन होत नव्हता. हाही तिलाच जमावा?

मग बेलव्ह्यूचं ठरलं. तिचा शेवटचा गुरुवार आला. प्रदर्शन संपायला अजून दोन आठवडे होते. मी मुद्दाम लवकर गेले, डब्यात पुरणपोळ्या घेऊन. तळघराच्या दाराला काच आहे. आत दिवा दिसला म्हणून डोकावले.

नलूताई एकटीच होती. पुढ्यात त्याच काळ्या झग्याची झेरॉक्स, शाळेतल्या मुलांची असते तसली रंगाची पेटी, पाण्याचा कप. हातात ब्रश. ती त्या झग्याची मधली घडी काढायला बघत होती, कंबरेपासून जमिनीपर्यंत जाणारी एकच रेघ, वर बारीक, मध्ये भरलेली, खाली पुन्हा बारीक. रेघ निम्म्यात थरथरली, फुगली. तिने ब्रश ठेवला, यंत्र उचललं. टिक. नवा कागद. पुन्हा रेघ, पुन्हा वाकडी. टिक.

मला आनंद झाला. खोटं नाही सांगत, जिलबी खाल्ल्यासारखा आनंद झाला. हिला हे येत नाही! मी दारात उभी राहून आणखी तीन रेघा बिघडू दिल्या. मग तिने चष्मा काढून डोळे चोळले, आणि माझ्याच्याने राहवेना. मी आत गेले.

तिने लपवलं वगैरे काही नाही. "बावीस," म्हणाली. "बावीस झाल्या. एक नाही जमली. कशी धरतात गं हे?"

मी ब्रश घेतला. अठरा वर्षं! पाण्यात बुडवला, कपाच्या काठावर निथळला, टोक ओठांनी जुळवलं, जुनी घाण सवय. आणि श्वास सोडता सोडता रेघ ओढली. मनगटातून नाही, खांद्यातून. वरून खाली. कागदावर ती घडी उभी राहिली.

नलूताई बघत राहिली. भिंगाशिवाय. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लगेच ओळखलं. दोन वर्षं माझ्या चेहऱ्यावर तेच तर होतं.

"जळून राहिली मी तुझ्यावर," ती म्हणाली. रिपोर्ट वाचावा तशी.

"मत आहे की पाहणी?" मी विचारलं.

"पाहणी."

तिथेच म्हणायला हवं होतं, अहो मीही, दोन वर्षं, रोज. नाही म्हटलं. मी डबा तिच्यापुढे सरकवून जिन्याने वर पळाले. सरळ त्या चित्रापाशी गेले आणि लेबल उपटून काढलं. कॅरल 'मेगना, मेगना' करत मागे आली. तिला सगळं सांगितलं, सगळं. लेबलातली ती आई मीच जन्माला घातली होती हेही. तिने मला एक कोरं कार्ड आणून दिलं. त्यावर मी हाताने लिहिलं: गुलाबीवर काळा रंग नंतर दिलेला आहे. कागदाला टाचणीची भोकं आहेत. बहुधा शिवणकाम करणाऱ्या बाईचा कागद. रंग कोणी दिला, ठाऊक नाही. पाहणी, नलिनी. आधी इथे लावलेला मजकूर चुकीचा होता, तो माझा होता, मेघना. कार्ड लावलं आणि धडधडत खाली आले, नलूताई, वर चला, बघा, म्हणायला.

टेबल पुसून ठेवलेलं होतं. बावीस कागद कचऱ्याच्या टोपलीत. माझा कागद नव्हता.

मी बाहेर धावले. केतकीची गाडी निघायच्या बेतात होती. नलूताई पुढच्या सीटवर, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. माझा कागद तिने समोरच्या काचेला टेकवून ठेवला होता, भिंग डोळ्याला लावलेलं, आणि उजव्या हातातल्या यंत्रावर अंगठा हलत होता. केतकी सीटबेल्ट, सीटबेल्ट म्हणून ओरडत होती, हिचं लक्ष नव्हतं. एका रेघेत मोजण्यासारखं काय असतं, मला अजूनही कळलेलं नाही. हाक तोंडाशी आली होती. पण मारली नाही. ती माझी रेघ बघत होती.